एम.सीएच. (सर्जरीची सुपरस्पेशालिटी) झाल्यावर पुण्या-मुंबईतच राहायचं का? (युरो, सीव्हीटीएस, प्लास्टिक, जीआय... सगळ्यांनी लिहा)

खडा_टाकून_बघू
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसताच वाचतोय, पहिलाच धागा काढतोय तर सांभाळून घ्या. युरोलॉजीच्या (मूत्रमार्ग, मुतखडा, प्रोस्टेट) शेवटच्या वर्षाला आहे, मुंबईत, सरकारी खात्यातलं कॉलेज. मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात. बायको पुण्यात आयटीत, मुलगी आता शाळेत जाईल. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन एमएस, तीन एम.सीएच., मध्ये बॉंड आणि नीटची तयारी, असं करत करत पस्तिशी आली आणि अजून स्वतःच्या नावाची पाटी नाही. शेवटच्या बॉंडचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) एक वर्ष करणारच आहे (नाही केलं तर सुपरस्पेशालिटीला २ कोटी भरावे लागतात, तेवढे असते तर धागा काढला नसता), प्रश्न त्यानंतरचा आहे.

तीन वाटा दिसतायत. पुण्यात एका मोठ्या कॉर्पोरेटमध्ये सीनियर सरांचा असोसिएट. नाहीतर ठाणे-मुलुंड-भांडुप पट्ट्यात चार-पाच नर्सिंग होमला अटॅचमेंट घेऊन फ्रीलान्सिंग. नाहीतर सोलापूरला आमच्या सरांच्या ओळखीतले एक युरोलॉजिस्ट पार्टनर म्हणून बोलावतायत. सगळे म्हणतात मुंबई-पुणं सॅच्युरेटेड आहे पण तरी सगळे तिथंच राहतात, हे काय गौडबंगाल आहे? आकडे नकोत, खरं काय चालतं ते सांगा.

टाके_उद्या_काढू
जीआय (पोट-आतड्यांचा) सर्जन, पूर्व उपनगरं. खरं सांगायचं तर पेशंट कमी नाहीयेत, म्हणून सॅच्युरेटेड हे अर्धंच खरं. पेशंट आधीच कुणाचा तरी असतो. पित्ताशयाचा खडा असलेला माणूस पहिल्यांदा फॅमिली डॉक्टरकडे जातो, तो सोनोग्राफीला पाठवतो, तिथून फिजिशियन नाहीतर गॅस्ट्रोवाला, आणि माझ्यापर्यंत येईतो त्याच्या फायलीत तीन जणांचे लेटरहेड लागलेले असतात. त्यातल्या एकाने जरी दुसऱ्या सर्जनचं नाव घेतलं की संपलं. आणि पित्ताशय तर जनरल सर्जनही दुर्बिणीतून उत्तम काढतो, मग माझ्या तीन वर्षांच्या जास्तीच्या शिक्षणाचं तो काय करणार? मी शिकलो व्हिपल (स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन) आणि लिव्हर रिसेक्शन, नर्सिंग होममध्ये करतो हर्निया आणि अपेंडिक्स. मोठ्या केसेस मोठ्या नावांकडे नाहीतर टाटाला जातात आणि त्यात चूक काही नाही, तुमच्या घरातलं माणूस असतं तर तुम्हीही तिथंच नेलं असतं.

त्यामुळे ब्रांच आणि गाव निवडताना एकच विचार कर, पेशंट माझ्याकडे थेट येतो की कुणाच्या तरी हातातून येतो. यात तू आमच्यापेक्षा नशीबवान आहेस. मुतखड्याचा पेशंट कळवळत थेट येतो. प्रोस्टेटवाला मात्र सूनबाईच्या मैत्रिणीच्या डॉक्टरकडून येतो :)

कांदाभजी_प्रेमी
वाचतोय. माझा मेव्हणा ऑर्थोत आहे, त्याचंही हेच रडगाणं.

उघडी_छाती
मी सीव्हीटीएस, म्हणजे हृदय-छातीचा सर्जन. पेशंट थेट येतो की नाही हा वरचा नियम आमच्या ब्रांचला लावून बघा म्हणजे कळेल रडगाणं काय असतं. आमच्याकडे पेशंट थेट येतच नाही. बायपासचा प्रत्येक पेशंट कार्डिओलॉजिस्टच्या कॅथलॅबमधून येतो, आणि स्टेंट टाकता येत असेल तर तो का येईल? २०१७ ला सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली (औषधी स्टेंट ३० हजाराच्या आत आला), पेशंटसाठी चांगलंच झालं, पण तीन-तीन नळ्या बंद असलेल्यालाही 'आधी स्टेंट टाकून बघू' म्हणणं सोपं झालं असं मला वाटतं.

आणि तू निदान दुर्बीण सायकलवर घालून फिरू शकतोस रे. मला एक केस करायची तर हार्ट-लंग मशीन, ते चालवणारा परफ्युजनिस्ट, कार्डियाक भूलतज्ज्ञ, आयसीयूत रात्रभर जागणारा माणूस, रक्तपेढी एवढं सगळं लागतं. म्हणजे मोठं हॉस्पिटल सोडून पर्यायच नाही आणि तिथं एक सर असतात, ज्यांचं नाव बाहेर बोर्डावर आहे. मी एम.सीएच. होऊन कित्येक वर्षं काय करत होतो? सकाळी साडेसहाला पेशंट आत, मी पायातली शीर काढायला बसायचो, दुसरा ज्युनियर छाती उघडायचा, सर साडेआठला हात धुवून येणार, ग्राफ्ट जोडणार, निघणार, आणि आम्ही रक्तस्राव थांबवत छाती बंद करत दुपारपर्यंत. बाहेर नातेवाईक सरांचे पाय धरतात. शीर काढणाऱ्याला कुणी विचारत नाही. पगार मिळतो, नाही असं नाही, पण चाळिशीला तुझ्या स्वतःच्या हाताने केलेल्या स्वतंत्र केसेस किती असं विचारलं की गप्प बसावं लागतं आणि दुसरीकडे कन्सल्टंट म्हणून घेताना तेच विचारतात.

नीट-एसएसमध्ये (सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा) आमच्या आणि पेडियाट्रिक सर्जरीच्या जागा फेऱ्यावर फेऱ्या होऊन, कटऑफ खाली आणूनसुद्धा रिकाम्या राहतात, ती पोरं काही वेडी नाहीत.

ठाणेकर_जीपी
इथे सगळे सर्जन बोलतायत, आता रेफर करणाऱ्याचंही ऐका. मी जनरल प्रॅक्टिस करतो, माझ्या एका रस्त्यावर युरोलॉजिस्टच्या पाट्या मोजायला गेलो तर चहा थंड होईल. मी पेशंट कुणाला पाठवतो? जो रात्री फोन उचलतो. जो पेशंट परत माझ्याकडे पाठवतो आणि काय केलं ते चिठ्ठीवर दोन ओळीत लिहितो. जो माझ्या पेशंटसमोर 'हे कुणी दिलं होतं औषध?' असं नाक मुरडून विचारत नाही. बस, एवढंच. नवीन मुलं येतात, पेन देतात, कॅलेंडर देतात, ब्रोशर देतात त्यात अमेरिकेतल्या फेलोशिपचा फोटो. माझ्या पेशंटला त्याचं काय? त्याला डीजे स्टेंट (मूत्रनळीतली तात्पुरती नळी) टाकला तर तो कधी काढायचा हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, सहा महिन्यांनी माझ्याकडे येतो लघवीत रक्त म्हणून, आणि तो स्टेंट आतमध्ये चुना बसून दगड झालेला. जो सर्जन स्टेंटची वही ठेवून स्वतः फोन करतो त्याला मी डोळे मिटून पाठवतो.

बिनपाण्याची_हजामत
वा वा, किती साळसूद! आणि रेफर केल्याचं पाकीट? तीस टक्के, चाळीस टक्के, त्याच्याबद्दल कुणीच बोलणार नाही का? शेवटी ते आमच्याच बिलात चढतं ना साहेब.

ठाणेकर_जीपी
बोलतो की. घेणारे आहेत, देणारे आहेत, मी नाकारत नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत कमिशन देणं-घेणं दोन्ही बंद आहे. २०१७ मध्ये एका हार्ट हॉस्पिटलने मुंबईत होर्डिंग लावली होती की आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही, तेव्हा आयएमए (डॉक्टरांची संघटना) चिडली होती. त्याच वर्षी राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांची समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करून घेतला. मसुदा झाला, पुढे कायदा काही झाला नाही. आता मोठ्या हॉस्पिटलात ते पाकिटात येत नाही, 'मार्केटिंग' खात्यातून येतं.

धागाकर्त्याला एवढंच सांगेन की पाकिटावर उभी केलेली प्रॅक्टिस पाकिटावरच पडते, दुसरा पाच टक्के जास्त देणारा आला की पेशंट तिकडे. फोन उचलणाऱ्याचा पेशंट टिकतो, फक्त त्याला तीन-चार वर्षं जास्त लागतात. तेवढी वर्षं घर कोण चालवणार हा खरा प्रश्न.

भूल_देते_भुलवत_नाही
भूलतज्ज्ञ, पुणे. मी रोज वेगवेगळ्या सर्जनबरोबर काम करते त्यामुळे नवे कोण टिकतात कोण जातात हे आम्हाला आधी कळतं :) मोठ्या हॉस्पिटलात खरी चणचण ओटी (ऑपरेशन थिएटर) स्लॉटची आहे. सकाळी सातचे स्लॉट सीनियर्सचे, ते वर्षानुवर्षं ठरलेले. नव्या माणसाला मिळतं 'सरांची लिस्ट संपली की'. म्हणजे रात्री साडेनऊला पहिली केस. पेशंट सकाळपासून उपाशी, नातेवाईक तीनदा भांडून गेलेले, सिस्टरची शिफ्ट बदललेली, लेझरचा फायबर कुठे ठेवलाय ते रात्रपाळीच्या टेक्निशियनला माहीत नाही, आणि हा बिचारा नवा युरोलॉजिस्ट हसतमुखाने सगळ्यांना सॉरी म्हणत फिरतोय. त्यात केस लांबली की तोच स्लो म्हणून बदनाम. मी पाहिलंय, हातात कसब असलेली मुलं दोन वर्षांत कंटाळून गेली आणि बेताच्या हाताचे पण सगळ्यांशी गोड बोलणारे राहिले.

असोसिएट म्हणून जाणार असशील तर पगाराआधी हे विचार की आठवड्यात माझ्या स्वतःच्या नावावर सकाळचा स्लॉट किती? आणि ओपीडीत सरांच्या केबिनच्या बाहेर स्टुलावर बसायचंय की वेगळी खोली आहे? अनेकांना वाटतं हे विचारणं उद्धटपणा, अजिबात नाही.

खडा_टाकून_बघू
ताई हे मी विचारलंच नव्हतं. सर म्हणाले "ये तू, बघू आपण", मी हो म्हणालो. लेखी काहीच नाहीये.

हिशोब_चोख
सीए आहे, डॉक्टर क्लायंट बरेच. "बघू आपण" वर सही करता येत नाही हे आधी लक्षात घ्या. बहुतेक कॉर्पोरेट तुम्हाला नोकर ठेवत नाहीत, प्रोफेशनल फी देतात, १० टक्के टीडीएस कापून. म्हणजे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, बाळंतपणाची रजा नाही. एमजी म्हणजे मिनिमम गॅरंटी सांगतात तेव्हा सगळे आकड्याकडे बघतात, करार मात्र वाचत नाहीत. एमजी किती महिने? त्यानंतर आपोआप 'फी फॉर सर्व्हिस'? टक्केवारी कशावर, सर्जन फीवर की पूर्ण बिलावर? इन्शुरन्सच्या पॅकेज केसमध्ये सर्जनचा वाटा किती धरलाय? टीपीएने (इन्शुरन्सचे दावे बघणारी कंपनी) पैसे कापले तर कुणाच्या वाट्यातून? सोडल्यावर किती किलोमीटरच्या आत किती काळ काम करायचं नाही? माझ्या एका क्लायंटची एमजी वर्ष संपायच्या आदल्या महिन्यात निम्मी केली, हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कारण सांगितलं की 'मॅनेजमेंट बदललंय'.

आणि मॅनेजमेंट खरंच बदलतं हो. पुण्याचंच बघा, सह्याद्री हॉस्पिटल २०२२ मध्ये कॅनडातल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने घेतलं आणि २०२५ ला मणिपालने विकत घेत असल्याचं जाहीर केलं. बरं-वाईट म्हणत नाही, पण तुम्ही ज्या सरांच्या शब्दावर जाताय त्यांचा शब्द पुढच्या मालकाला बांधील नसतो. अंधेरीच्या कोकिळाबेन हॉस्पिटलसारखी फुलटाइम पद्धत असलेल्या ठिकाणी निदान एकाच जागी बसायचं असतं, पण मग बाहेरची प्रॅक्टिस विसरायची.

चिरा_पण_नीट
प्लास्टिक सर्जन, पिंपरी-चिंचवड. आमच्या ब्रांचबद्दल लोकांना वाटतं नाक, केस, इन्स्टाग्राम. तिथं गर्दी आहेच, त्वचारोगवाले आहेत, आणि पाटी लावून बसलेले काहीजण तर कोण आहेत देवच जाणे. मी तिकडे गेलोच नाही. माझं घर चाकण-भोसरीच्या प्रेस मशीनवर चालतं, वाईट वाटतं लिहायला पण खरं आहे. तिसऱ्या पाळीत बोटं जातात. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, कोरड्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फात ठेवायची असते, आणि येतं कसं, तर थेट बर्फाच्या पाण्यात बुडवलेलं नाहीतर सुपरवायझरच्या रुमालात. मायक्रोस्कोपखाली एका बोटाला रात्र जाते. पण हे काम करणारा माणूस कंपन्यांच्या सेफ्टी ऑफिसरच्या फोनमध्ये असतो, त्याला जीपी लागत नाही आणि कार्डिओलॉजिस्टही लागत नाही. थेट पेशंट. ईएसआयचे (कामगार विम्याचे) पैसे उशिरा येतात, येतात मात्र.

मुद्दा हा की मोठ्या शहरातही एखादा कोपरा असतो जिथं तुझी गरज रोज आहे आणि तिथं कुणाला राहायचं नसतं. सगळ्यांना औंध आणि बांद्रा पाहिजे.

मिरजकर
आता जरा घाटाखालचं बोलू द्या, म्हणजे घाटावरचंच. मी मिरजेचा, युरोलॉजीच, वीस-एक वर्षं झाली. नव्या मुलांना वाटतं लहान गावात कसब गंजतं. गुजरातेत नडियादला मुळजीभाई पटेल युरोलॉजिकल हॉस्पिटल १९७८ पासून आहे, धड अहमदाबाद नाही धड बडोदा नाही, आणि देशभरातून मुलं तिथं शिकायला जातात. मिरजेत वॉनलेस हॉस्पिटलमुळे शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ कर्नाटकातून पेशंट येतोय. पेशंट गावाचं नाव बघत नाही, तिथं काय होतं ते बघतो.

सोलापूरला ऊन, कमी पाणी, मुतखड्याला तोटा नाही. इकडे कळंब, तुळजापूर, पलीकडे विजापूर, गुलबर्गा, सगळं तिकडेच येतं. पण गोड गोड सांगत नाही. निम्म्या केसेस महात्मा फुले योजनेतून होतात, पॅकेज ठरलेलं, त्यात हॉस्पिटल, औषधं, भूल सगळं आलं, आणि पैसे महिनोन्‌महिने अडकतात. फ्लेक्झिबल स्कोप (लवचिक दुर्बीण) वापरून केलेली केस त्या पॅकेजात परवडतच नाही. कॅश पेशंट पुण्याला जातो, कारण त्याचा मुलगा हिंजवडीत असतो. आणि गडबड झाली तर मदतीला व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन गावात एखादाच, तोही लग्नाला गेलेला असतो. रात्री जो निर्णय घ्यायचा तो एकट्याने. ते झेपत असेल तर ये.

एक तांत्रिक पण सांगतो जे कॉलेजात कुणी शिकवत नाही. सी-आर्म (ऑपरेशनमधलं एक्स-रे मशीन) घेतलास तर एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, आणि सोनोग्राफी स्वतः करणार असशील तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी कायदा) नोंदणी. त्यात एका डॉक्टरला एका जिल्ह्यात दोनच ठिकाणी नोंदणी मिळते, मशीन गाडीत टाकून पाच नर्सिंग होम फिरणं म्हणजे तुरुंगाची वाट. तुझ्या ठाण्याच्या फ्रीलान्सिंगच्या स्वप्नात हे धरलंयस का?

खडा_टाकून_बघू
नाही धरलं. पोर्टेबल घ्यायचा विचार होता खरा...

लंडनचा_पाऊस
इथं फार वेगळं चित्र आहे असं समजू नका. ब्रिटनमध्ये ट्रेनिंग पूर्ण झालेले कार्डियाक सर्जन फेलोच्या पोस्टवर बसून असतात, कारण कन्सल्टंट निवृत्त होईपर्यंत जागाच निघत नाही आणि लंडनला तर विचारूच नका. फक्त एनएचएसमध्ये रेफरल हॉस्पिटलला येतं, माणसाला नाही, त्यामुळे पाय धरावे लागत नाहीत. थंडी आहे, पाकीट नाही.

डॉक्टरीणबाई_नव्हे
सर्जनची बायको, स्वतः डॉक्टर नाही. सगळा धागा वाचला, त्यात धागाकर्त्याच्या बायकोचा उल्लेख एकदा आला, "पुण्यात आयटीत". तिला विचारलंय का? आम्ही नांदेडला गेलो तेव्हा हॉस्पिटल छान चाललं, मी मात्र नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षं बिलिंग काउंटर सांभाळला, कारण 'घरचं माणूस पाहिजे'. मला ते आवडलं नाही हे सांगायलाही उशीर झाला. आता परिस्थिती जरा बरी आहे, वर्क फ्रॉम होम आहे, पुण्यावरून जाणारी मुंबई-सोलापूर वंदे भारत २०२३ पासून आहे, सव्वातीन-साडेतीन तासांत माणूस पुण्याला पोचतो. पण ती गाडी सकाळी सोलापूरहून निघते, रात्री परत येते, म्हणजे पुण्यात राहणाऱ्यापेक्षा सोलापुरात राहणाऱ्याची सोय. कोण कुठे राहणार ते आधी ठरवा, मग पार्टनरशिप.

भूल_देते_भुलवत_नाही
+१ आणि बिलिंग काउंटरला +१००

पाळण्यातला_सर्जन
पेडियाट्रिक सर्जरीवाला. रिकाम्या जागांचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. जन्मतःच शौचाची जागा नसलेलं बाळ मराठवाड्यातून लांबचा प्रवास करून मुंबईला येतं कारण जवळपास कुणी नाही, आणि मुंबईत मी सुन्ता आणि हर्नियाच्या केसेससाठी जनरल सर्जनशी स्पर्धा करतोय. दोन्ही एकाच राज्यात. केंद्राच्या योजनेतून अकोला, यवतमाळ, लातूर, संभाजीनगर इथं सुपरस्पेशालिटी इमारती उभ्या राहिल्या, पण कंत्राटी सहायक प्राध्यापक म्हणून वर्ष-वर्षाच्या ऑर्डरवर कोण जाईल मुलाबाळांना घेऊन? कायमची पोस्ट, नवजात आयसीयू आणि लहान मुलांना भूल देणारा माणूस द्या, मी उद्या लातूरला जातो. खरंच जातो.

बिनपाण्याची_हजामत
वरच्या प्रतिसादाला सलाम. पाकिटाचं मागे घेत नाही, पण सलाम.

खडा_टाकून_बघू
सगळ्यांचे आभार, दोन दिवस झोप उडवलीत. अपडेट: पुण्याच्या सरांना सकाळच्या स्लॉटचं विचारलं. हसले आणि म्हणाले "आत्ताच स्लॉट मागतोस?" उत्तर कळलं. ठाणे बाद, सोनोग्राफीच्या नियमामुळे आणि लोकलमध्ये आयुष्य घालवायचं नाही म्हणून. बायकोशी बोललो, ती म्हणते सोलापूर चालेल पण तिची नोकरी पुण्याचीच राहील, आठवड्यातून एकदा ऑफिस, ती तिकडून सकाळच्या गाडीने जाईल, आणि काउंटरवर बसणार नाही (हे तिने धागा वाचून सांगितलं, कुणी दाखवला तिला?). सोलापूरच्या सरांनी करार पाठवलाय. नफा-तोटा साठ-चाळीस, तीन वर्षांनी निम्मा-निम्मा. लेझर त्यांचा आहे, फ्लेक्झिबल स्कोप मी घ्यायचा असं म्हणतायत. मिरजकर सर, हे ठीक वाटतं का?

मिरजकर
वाटणी ठीक आहे. स्कोपचं नाही. फ्लेक्झिबल स्कोप नाजूक, वॉशिंगच्या टेबलवर आपटला, लेझर आत चालू झाला की गेला, आणि दुरुस्ती नव्याच्या निम्म्या भावात. घेणारा तू, वापरणार दोघं, धुणार त्यांचा वॉर्डबॉय, मग मोडला तर कुणाचा? स्कोप फर्मच्या नावावर घ्या, कर्ज दोघांच्या सहीने, दुरुस्ती फर्मच्या खर्चात, आणि फुले योजनेच्या केसेसना तो वापरायचा की नाही हे आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर पहिलं भांडण त्यावरूनच होईल. तीन वर्षांनी निम्मा-निम्मा म्हणजे नफ्याचा की इमारतीचा पण, तेही विचार. करार हिशोब_चोख यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

हिशोब_चोख
पाठवा. सही मात्र करू नका तोवर. आणि स्टेंटची वही दोघांची एकच ठेवा, पार्टनर फुटले की पेशंट कुणाचा यावरून जी मारामारी होते ती मी बघितलीय.